रसिकता गुडघ्यात

अक्कल गुडघ्यात असणं हे आपल्याकडे काही कौतुकाचं लक्षण मानत नाहीत. रसिकता मात्र गुडघ्यातच असते, असं व्हिएन्ना शहराकडे पाहून माझं ठाम मत झालं आहे, आणि ते कोणी थट्टेवारी नेऊ नये. चित्र डोळ्यांनी बघायचं, गाणं कानांनी ऐकायचं आणि दोन्हींची पोच हृदयाला द्यायची, अशी आपली पिढीजात समजूत आहे. ती तपासून पाहायला व्हिएन्नाइतकी सोयीची जागा सापडणं कठीण. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे तिथलं थोरलं चित्रसंग्रहालय. नाव नीट उच्चारलं की निम्मी कलासाधना तिथेच आटोपते. तिथून रिंगरस्त्याने रमतगमत दहा-बारा मिनिटं चाललं की ऑपेराची इमारत येते. तिच्या पाठीमागे आल्बर्टिना, आणि कार्ल्सप्लाट्झच्या अंगाला म्युझिकफेराइन, म्हणजे नववर्षाच्या मैफलीमुळे जगभर टीव्हीवर दिसणारं ते सोनेरी सभागृह. त्यामुळे एकच माणूस, तेच डोळे, तेच कान आणि दुपारचं तेच श्नित्सेल पोटात घेऊन आधी चित्रं बघतो आणि संध्याकाळी संगीत ऐकतो. दुपारी तो ब्रुगेलच्या बाबेलच्या मनोऱ्याला पाव मिनिट देतो. संध्याकाळी ब्रुकनरच्या सिंफनीला तासाहून जास्त देतो, आणि मध्येच उठून जात नाही. मधल्या चार तासांत त्याच्या हृदयात काही क्रांती झालेली नसते. बदललेली असते ती फक्त गुडघ्यांची परिस्थिती.

पाव मिनिट हा आकडा मी रागाच्या भरात फेकलेला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नामांकित चित्रांसमोर लोक किती वेळ थांबतात, ते जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी चक्क घड्याळ लावून मोजलं आणि २००१ साली प्रसिद्ध केलं. सरासरी निघाली २७ सेकंदांची. पण सरासरी ही दोन-चार भाविकांमुळे नेहमीच फुगते. मधला आकडा होता १७ सेकंद. म्हणजे निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आत पुढच्या चित्राकडे सरकले होते. त्यात कोणी शेजारची पाटी वाचली असेल, तर चित्राच्या वाट्याला काय आलं याचा हिशेब न केलेला बरा. व्हिएन्नात येणारे लोक काही वेगळ्या मातीचे असतील असं मानायला कारण दिसत नाही. बेल्व्हेडेअर राजवाड्यात क्लिम्टच्या ‘चुंबना’समोर तर कित्येक जण आपल्या वाट्याचे सेकंद चित्राकडे पाठ करूनच काढतात, कारण फोनमध्ये आपला चेहरा आणि मागचं सोनं एकाच वेळी आलं पाहिजे. याला आपण घाई म्हणतो, संस्कारांचा अभाव म्हणतो, मोबाइलला शिव्या घालतो. पण मोबाइल नव्हते तेव्हाही हेच चाललं होतं. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ सालीच ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर लेख लिहिला आणि पुराव्यादाखल एका सुटाबुटातल्या गृहस्थाची छायाचित्रं छापली. हा गृहस्थ काचेच्या कपाटांपुढे कुठे कमरेत वाकलेला आहे, कुठे उकिडवा बसला आहे, कुठे मान वाकडी करून आत डोकावतो आहे. कलेच्या इतिहासात या अनामिकाची नोंद व्हायला हवी होती. कारण त्याला जे झालं ते सौंदर्यदृष्टीच्या अभावामुळे झालं नाही, ते सांध्यांमुळे झालं.

आता ज्या दालनावरून मी हे सगळं बोलतो आहे तिथे जरा थांबू. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या एका दालनात थोरल्या पीटर ब्रुगेलची बारा चित्रं आहेत. जगात एका ठिकाणी इतकी दुसरीकडे कुठे नाहीत. त्यातलं ‘शेतकऱ्यांचं लग्न’ हे चित्र मराठी माणसाला तर सतरा सेकंदांत समजलंच असं वाटतं, कारण ती सरळसरळ जेवणावळ आहे. लांबलचक टेबल, दाटीवाटीने बसलेली माणसं, दाराबाहेर पुढच्या पंगतीसाठी ताटकळलेली गर्दी. झालं, पुढे चला. पण जो हलत नाही त्याला हळूहळू दिसू लागतं की वाढप्यांनी वाडगे ठेवायला बिजागरीतून काढलेलं दारच आणलं आहे. मशकवाला वाजवायचं सोडून त्या दारावरच्या वाडग्यांकडे अशा नजरेने बघतो आहे की मानधनाची बोलणी कशी झाली असतील ते कळावं. पुढ्यात मोठी टोपी घातलेलं एक पोर बोटं चाटत बसलं आहे. हिरव्या कापडापुढे नवरी हात जुळवून, डोळे मिटल्यासारखी, गपगार. आणि नवरा कुठे आहे? त्यावर विद्वानांमध्ये अजून एकमत नाही. साडेचारशे वर्षं लग्न चालू आहे आणि नवरदेव सापडत नाही. एवढं झाल्यावर, बऱ्याच वेळाने, एक गोष्ट लक्षात येते आणि मग तीच दिसत राहते: वाडगे वाहणाऱ्या त्या दोघांच्या पायांचा हिशेब लागत नाही. एक पाऊल जास्तीचं आहे. माझ्या सिद्धान्ताला स्वतः ब्रुगेलने दिलेली ही पावती आहे असं मी म्हणणार नाही, पण म्हणावंसं वाटतं. शेजारच्या ‘बर्फातल्या शिकाऱ्यां’चंही तेच. एवढे शिकारी, एवढी कुत्री, आणि शिकार म्हणाल तर काठीला लटकवलेला एकच कोल्हा. खाणावळीची पाटी एका आकड्यावर लोंबकळते आहे. पार लांब एका घराच्या धुराड्याने पेट घेतला आहे आणि माणसं शिडी लावून वर चढताहेत. आग लागलेली दिसायलासुद्धा एका जागी उभं राहावं लागतं.

हे उभं राहणं शिकायचं तर ऑपेराकडे वळलं पाहिजे. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात, जर्मनमध्ये श्टाट्सऑपरमध्ये, श्टेप्लाट्झ नावाची एक सोय आहे: उभं राहून ऐकण्याची जागा. तिकीट कॉफी-केकच्या आसपासच्या किमतीत मिळतं, आणि तळमजल्यावरची जागा तर खुर्च्यांच्या मागे अगदी मधोमध, एकेकाळी सम्राट जिथे बसत त्या सज्जाच्या बरोबर खाली. समोरच्या खुर्चीवाल्याने याच आवाजासाठी दसपटीहून जास्त पैसे मोजलेले असतात. टेकायला एक कठडा, कठड्यावर शब्द दाखवणारा छोटा पडदा, आणि त्याच कठड्याला बांधलेला स्कार्फ. स्कार्फ बांधला की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जाऊन पाणी पिऊन या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसाला ही घटना न शिकवता कळते, आणि तिचं पावित्र्यही. फरक एवढाच की एसटीत रुमालामुळे बसायला मिळतं, इथे रुमालामुळे उभं राहायला मिळतं, तेही वाग्नर असला तर पाच-पाच तास. आणि लोक राहतात. दर वर्षी तेच ते ऑपेरा ऐकणारे, कुठल्या गायिकेचा कुठला सूर परवा किंचित उतरला होता ते सांगणारे, पडदा पडल्यावर कोणाच्या नावाने ओरडायचं आणि कोणाच्या नावाने हुर्यो करायची हे ठरवणारे बरेच जण याच कठड्यापाशी सापडतात. शहराची संगीताची जाण भरजरी खुर्च्यांत नाही, त्या कठड्याशी आहे, हे व्हिएन्नातले लोकही मान्य करतात. फक्त कारण सांगताना ते गरीब विद्यार्थी, खरे प्रेमी वगैरे भावुक गोष्टी सांगतात. मला त्यात शरीरशास्त्र दिसतं. उभा माणूस झोपू शकत नाही. स्कार्फ बांधलेला माणूस पळू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ज्याच्या बाबतीत खऱ्या आहेत असा श्रोता बाकी कुठल्याही तिकिटात मिळत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. खुर्चीवालाही बांधलेलाच असतो की! दारं बंद, दिवे मंद, दोन्ही बाजूंना अनोळखी गुडघे. उठायचं म्हटलं तर अख्ख्या रांगेची क्षमा मागत जावं लागतं. मग खुर्चीतल्या श्रोत्यालाही तेवढंच समजायला हवं. उत्तर असं की त्याला संग्रहालयातल्या माणसापेक्षा नक्कीच जास्त समजतं, पण कोंडलेल्या माणसाला पळता आलं नाही तरी पेंगता येतं. म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात १७४४ खुर्च्या आहेत आणि मागे सुमारे ३०० माणसं उभी राहू शकतात. मागची जमीन सपाट असल्यामुळे उभ्याने ऐकणाऱ्यांना वादकांऐवजी पुढच्यांच्या माना दिसतात, आणि मानांचा अभ्यास केलेला माणूस तुम्हाला सांगेल की संथ भाग सुरू झाला की कुठल्या माना तल्लीन होऊन झुकतात आणि कुठल्या नुसत्याच झुकतात. १८७०मध्ये थेओफिल हान्सेन याने बांधलेलं हे सभागृह आवाजाच्या बाबतीत जगातल्या पहिल्या दोन-तीनांत धरतात. एखादा सूर थांबल्यावर तो दोनेक सेकंद हवेत रेंगाळतो. घोरणंही रेंगाळतं, हे वास्तुविशारदाच्या हिशेबात नसावं. आपल्याकडचा रसिक म्हणेल की त्या सभागृहात माणसं पुतळ्यासारखी बसतात, आमच्या बैठकीत कशी समेवर मान हलते, हात उठतो, ‘क्या बात है’ येतं. तिथे दाद नाही म्हणून झोप येते. दादेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण सतरंजीवर मांडी घालून तीन-तीन तास बसणारा तो रसिक कशाच्या जोरावर ऐकत होता, याचा त्यानेच विचार करावा. खुर्च्या आल्यापासून दाद कमी झाली असं जुने लोक म्हणतात, ते काही उगाच नाही. व्हिएन्नाच्या खुर्चीवाल्यांना वर्षातून एकदा, नववर्षाच्या मैफलीत शेवटच्या रादेत्स्की मार्चला, संगीत चालू असताना टाळ्या वाजवण्याची परवानगी मिळते. तेव्हाही संगीतसंचालक लोकांकडे तोंड करून कुठे जोरात, कुठे हळू, ते काठीने सांगतो. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी हे काम पाच वेळा केलं आहे. मुंबईच्या माणसाने व्हिएन्नाच्या माणसाला टाळी कधी वाजवू नये ते शिकवावं, यात एक न्याय आहे.

पण माझा खरा पुरावा आनंदाचा नाही, रागाचा आहे. राग यायला थांबावं लागतं. ३१ मार्च १९१३ रोजी याच सोनेरी सभागृहात आर्नोल्ड श्योनबर्गने आपल्या आणि आपल्या मंडळींच्या नव्या रचनांची मैफल केली. वेबर्न झाला, झेम्लिन्स्की झाला, खुद्द श्योनबर्ग झाला, आणि आल्बान बर्गच्या गाण्यांपाशी सभागृहात हाणामारी सुरू झाली. शेवटी ठेवलेली माहलरची गाणी झालीच नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं, आणि तिथे ऑपेरेटाकार ऑस्कर श्ट्राउसने साक्ष दिली की त्या संध्याकाळचा सगळ्यात सुरेल आवाज थोबाडीत मारल्याचा होता, असं सांगतात. आता असा प्रसंग चित्रसंग्रहालयात घडल्याचं कोणी सांगेल का? नवी चित्रं काही कमी चिडवणारी नव्हती. पण ज्याला चित्र आवडलं नाही तो पुढच्या दालनात गेला, विषय संपला. थोबाडीत मारायला माणूस जागेवर असावा लागतो, मारणाराही आणि खाणाराही. यावर कोणी क्लिम्टचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकेल: व्हिएन्ना विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहासाठी त्याने ‘तत्त्वज्ञान’ रंगवलं, ते १९०० साली लोकांपुढे आलं आणि ८७ प्राध्यापकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. म्हणजे चित्रावरूनही राग येतो! येतो ना. पण ते चित्र कुठे लागणार होतं पाहा: त्यांच्याच विद्यापीठाच्या छतावर. प्रदर्शनातल्या बघ्याला सतरा सेकंदांचा प्रश्न होता, प्राध्यापकांना निवृत्तीपर्यंतचा. ज्यांना त्या चित्राखालून हलता येणार नव्हतं, नेमके तेच पेटून उठले. शेवटी क्लिम्टने पैसे परत करून चित्र काढून घेतलं, आणि १९४५मध्ये युद्ध संपतासंपता ते एका वाड्यात जळून गेलं. प्राध्यापकांच्या रागाने जे झालं नाही ते युद्धाने केलं. इथे मात्र माझ्या विनोदाला जागा नाही.

प्रेमाचंही तसंच आहे. १९९१मध्ये याच ऑपेरात प्लासिदो दोमिंगोचा ओथेल्लो झाल्यावर तासाहून जास्त वेळ टाळ्या चालल्या आणि नटांना शंभराहून अधिक वेळा पडद्याबाहेर यावं लागलं. २०१६मध्ये ‘तोस्का’त योनास काउफमानला श्रोत्यांनी वन्समोअर दिला, त्याने गाणं पुन्हा म्हटलं आणि नंतर पाहतो तो रंगमंचावर नायिकेचा पत्ताच नाही. तेव्हा नायिका नाही हेच त्याने सुरात गाऊन सांगितलं. वन्समोअरचा त्रास संगीत नाटकातल्या आपल्या नटांनी जन्मभर भोगला, त्यांना या माणसाबद्दल माया वाटली असती. मुद्दा असा की चित्राला वन्समोअर कोणी देत नाही. द्यायची गरजच नसते, चित्र तिथेच असतं. आणि म्हणूनच कोणी परत वळून बघत नाही.

आता जो आक्षेप विचारी माणूस घेईल तो असा: संगीत काळात पसरलेलं असतं, चित्र जागेत. सिंफनीला तास लागतो कारण ती तासभराची आहे. चित्र एका नजरेत पूर्ण समोर येतं, मग तिथे उगाच ताटकळायचं कशाला? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण एका नजरेत समोर येणं आणि एका नजरेत दिसणं यात फरक नसता, तर ब्रुगेलचा नवरदेव एव्हाना सापडला असता. त्याच दालनातलं ‘मुलांचे खेळ’ घ्या. १५६०च्या या चित्रात दोनशेहून अधिक मुलं ऐंशीच्या वर खेळ खेळताहेत. प्रत्येक खेळाला पाच सेकंद दिले तरी एखाद्या सिंफनीचा पहिला भाग वाजून होतो. व्हिएन्नाच्या लोकांना हे मनातून माहीत आहे, आणि त्यांनी त्यावर उपायही करून पाहिले आहेत. सेझेशन या कलाकारसंघाच्या इमारतीत, डोक्यावर सोनेरी पानांचा गोल मिरवणाऱ्या त्या पांढऱ्या चौकोनात, १९०२ साली क्लिम्टने बेथोवनच्या नवव्या सिंफनीवर भिंतीच्या वरच्या पट्ट्यात चौतीस मीटर लांबीचं चित्र काढलं. प्रदर्शन संपल्यावर ते नष्टच व्हायचं होतं. एका संग्राहकाने ते तुकडे करून नेलं म्हणून वाचलं, आणि आज ते तळघरात आहे. तिथे आता सिंफनीचा शेवटचा भाग ऐकायला हेडफोन मिळतात. हेडफोन डोक्यावर चढला की माणसाचे पाय जागच्या जागी थांबतात. संगीत संपेपर्यंत काहीतरी बघितलं पाहिजे, म्हणून तो बिचारा बघतो. आधी गोरिला बघतो, मग गोरिलाच्या बाजूच्या बायका, मग वर तरंगणाऱ्या आकृत्या, आणि कधी नव्हे ते पट्ट्याच्या शेवटाला पोचतो. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या जिन्यावर तरुण क्लिम्टने कमानींच्या कोपऱ्यांत रंगवलेली चित्रं तर कोणाच्या नजरेतच येत नसत, कारण ती बारा मीटर उंचावर आहेत. २०१८मध्ये त्यांच्यापुढे चक्क पूल बांधला आणि लोकांना वर चढवलं. त्या पुलावरून सतरा सेकंदांत उतरता येत नसे. चढलेल्या पायऱ्या वसूल व्हायला हव्यात, हा गुडघ्यांचा स्वभाव आहे.

सक्तीने रसिकता येते का, ती तर मोकळेपणाने फुलते, असंही म्हणतील. सक्तीचं उदाहरण म्हणून माहलर दाखवतील. तो १८९७ ते १९०७ ऑपेराचा संचालक होता. उशिरा येणाऱ्यांना त्याने दाराबाहेर थांबवलं, पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्या टोळ्या मोडायचा चंग बांधला, वाग्नर काटछाट न करता वाजवला. त्याआधीचे लोक उशिरा येत, गप्पा मारत, दुर्बिणीतून एकमेकांचे दागिने बघत. मग बेथोवनच्या काळचे ते मोकळेढाकळे श्रोते काय अरसिक होते? नव्हते. पण ते मोकळे होते हे कोणी सांगितलं? २२ डिसेंबर १८०८च्या संध्याकाळी थिएटर आन देअर वीनमध्ये बेथोवनने पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो आणि वर कोरल फँटसी असं एकाच बैठकीत वाढलं. चार तास, आणि थंडी अशी की हाडं गोठावीत. फँटसी तर मध्येच विस्कटली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. राइखार्ट नावाचा संगीतकार तिथे प्रिन्स लोबकोवित्सच्या सज्जात बसला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की सज्जा रंगमंचाच्या अगदी जवळ होता, शेजारी भला प्रिन्स बसलेला, त्यामुळे शेवटापर्यंत बसून राहावं लागलं. पाचव्या सिंफनीचा पहिला प्रयोग पूर्ण ऐकणारा हा साक्षीदार कशामुळे टिकला? मनातल्या मोकळेपणामुळे नाही. उठलो तर सगळ्यांना दिसेल या भीतीने. माझ्या सिद्धान्ताला अशी भक्कम साक्ष मिळाल्यावर मी माहलरच्या दारांकडे पुन्हा वळत नाही.

ज्यांचे गुडघे खरोखरच दुखतात त्यांचं काय, हा प्रश्न राहतो, आणि तो थट्टेचा नाही. त्यांच्यासाठी थॉमस बेर्नहार्डची १९८५ची ‘आल्टे माइस्टर’ ही कादंबरी आहे. तिच्यातला म्हातारा संगीतसमीक्षक तीस-बत्तीस वर्षं दिवसाआड याच संग्रहालयात येतो आणि तिंतोरेत्तोच्या ‘पांढऱ्या दाढीच्या माणसा’समोर एकाच बाकावर बसतो. संग्रहालयाचा रखवालदार त्याच्यासाठी तो बाक राखून ठेवतो. म्हातारा सगळ्यांना शिव्या घालतो, थोर चित्रकारांनाही सोडत नाही, कुठल्याच चित्रात त्याला दोष सापडल्याशिवाय राहत नाही. पण दोष सापडायला तो बसला होता की नाही! तेव्हा गुडघे वाकवलेले चालतील, एका जागी ठेवल्याशी कारण. अडचण एवढीच की खऱ्या संग्रहालयातल्या मऊ सोफ्यांवर बसलेले बहुतेक लोक पुढचं ठिकाण कसं गाठायचं ते फोनमध्ये शोधत असतात. रखवालदारांचीही लक्ष देण्याची सवय मोडलेली असते. २००३च्या मे महिन्यात चेल्लिनीची जगप्रसिद्ध सोन्याची मिठाची दाणी याच संग्रहालयातून रात्री चोराने उचलली. धोक्याची घंटा वाजली होती, पण खोटीच वाजली असणार असं समजून ती बंद करण्यात आली. दाणी २००६मध्ये एका जंगलात पुरलेली सापडली. चोर हा त्या वस्तूला पुरेसा वेळ देणारा एकमेव प्रेक्षक ठरला. बाकीच्यांना त्याचा आदर्श सांगता येत नाही, एवढंच.

यात्रा कंपनीबरोबर एका दिवसासाठी व्हिएन्नात उतरणारी आपली मंडळी या सगळ्यावर म्हणतील, की शॉनब्रुन राजवाडा, रिंगरस्त्याचं बसमधून दर्शन आणि मोझार्टचा विग घालून तिकिटं विकणाऱ्या पोरांना चुकवणं यातून एका चित्रासमोर उभं राहायला वेळ आहे कुणाला? त्यांच्यासाठी माझ्याकडे व्यवहार्य सूचना आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये माणूस सगळ्यात जास्त वेळ जिथे स्थिर असतो ती जागा म्हणजे घुमटाखालचं कॅफे. कॉफी येते, बरोबर पाण्याचा ग्लास येतो, बिल मागितल्याशिवाय येत नाही. वेलाझ्केझला सतरा सेकंद देणारा माणूस तिथल्या छताकडे पाऊण तास बघत बसतो. तेव्हा चित्रंच कॅफेत आणून लावावीत. जतन करणारे तज्ज्ञ ओरडतील: वाफ, साखरेची बोटं, उजेड! पण त्यांचीच युक्ती त्यांना सांगता येते. आल्बर्टिनात ड्यूररने १५०२मध्ये जलरंगात काढलेला ससा आहे. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून अस्सल ससा क्वचितच बाहेर काढतात, एरवी लोकांपुढे असते ती हुबेहूब नक्कल, आणि सतरा सेकंदांत कोणाला कसला फरक कळतो आहे. मग नकला कॅफेत लावायला हरकत काय? एका मेलांज कॉफीभर वेळ त्या सशासमोर बसलं तर त्याच्या मिशा, कानांच्या आतली लव, आणि डोळ्याच्या बुबुळात उमटलेलं खिडकीचं तावदान हे सगळं दिसायला वेळ पुरतो. गिऱ्हाईक सशासमोरून उठत नाही, टेबल अडतं, अशी तक्रार फार तर वेटर करतील. पण कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास आणि वेटरची कुरकुर या दोन्ही गोष्टी व्हिएन्नात पूर्वीपासून फुकटच मिळतात.